पाच वेळा सांगितलेला एकच निरोप

मी तंत्रनिकेतनात डिजिटल कम्युनिकेशन शिकवते. दर वर्षी एका धड्यापाशी वर्ग अडतो. निरोपाबरोबर थोडे जास्तीचे बिट पाठवले की वाटेत झालेली चूक पलीकडच्याला दुरुस्त करता येते, इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग कुणीतरी विचारतं, कोड लांब केला की दुरुस्ती चांगली होते, तर मग हवा तेवढा लांब का करत नाहीत? दुसऱ्याचा प्रश्न नेमका उलटा असतो. चूक झालीच तर पुन्हा मागवून घ्यावं, एवढा खटाटोप कशाला?

दोन्हींची उत्तरं पुस्तकात आहेत, आलेखांसकट. मी ते आलेख फळ्यावर काढते. पण मला स्वतःला ती उत्तरं आमच्या विहिरीवर मिळाली, मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते त्या उन्हाळ्यात. वर्गात हे सांगत बसले तर धडा राहून जाईल, म्हणून इथे लिहिते.

वाशिम तेव्हा अकोल्याचाच भाग होता. रिसोडच्या बाहेर आमचा मळा. वांगी, मिरची, पालक, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) असं लावायचं आणि पहाटे बाजारात न्यायचं, यावर घर चालायचं. बहात्तरच्या दुष्काळात विहीर तळाला गेली. पुढे पाऊस बरा झाला, तरी होळीनंतर पाणी दुपारपर्यंतच पुरायचं. बाबांनी दोन उन्हाळे काढले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर खोल करायचं ठरवलं. खाली काळा दगड होता. पहार लावली तर ठिणग्या उडायच्या. सुरुंगाशिवाय इलाज नव्हता.

सुरुंगाचं काम माझ्या मामाला येत होतं. आईचा धाकटा भाऊ, शिरपूर जैनजवळच्या खेड्यातला. विहिरी खोदणाऱ्या टोळीत दोन वर्षं राहिलेला. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि मामीला दिवस गेले होते. तिला माहेरी पोचवून मामा आमच्याकडे आला. आई त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. त्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. ती त्याला पहिल्याच दिवशी म्हणाली, "काम होवो न होवो, तू जसा आला तसा वापस गेला पायजे. तुह्या बायकोले मी काय तोंड दाखवू?"

"अक्का, मी काय पयल्यांदा उतरून राह्यलो का विहिरीत?" मामा हसला.

"माह्या विहिरीत पयल्यांदाच."

पाणी सतत उपसावं लागे. आमचं डिझेल इंजिन विहिरीतच, अर्ध्या उंचीवर कोरलेल्या कट्ट्यावर बसवलेलं होतं. ते बंद केलं की झऱ्याचं पाणी चढायचं आणि सुरुंगासाठी पाडलेली भोकं बुडायची, म्हणून मामा खाली असेपर्यंत इंजिन चालूच. त्या धडधडीत खालचा माणूस कितीही ओरडला तरी वर काही ऐकू येत नसे. वाकून बघावं तर धूर, आणि कट्ट्याखालचा कोपरा दिसतच नसे. शिवाय काठाचा मुरूम ढासळत होता, तिथे उभं राहायला बाबांनी सगळ्यांनाच बंदी केली होती.

खालचा दगड वर काढायला जुन्या मोटेचं चाक होतं आणि मोटेचेच बैल. बाबा बैल घेऊन धावेवरून, म्हणजे विहिरीपासून निघालेल्या उतारावरून, पुढे जात, की लोखंडी टोपलं वर येई. बैल मागे आणले की खाली जाई. मामाही त्याच टोपल्यात उभा राहून ये-जा करायचा. खालून वर कळवण्यासाठी एक सुतळी सोडली होती. तिच्या वरच्या टोकाला गाईच्या गळ्यातली घंटा, आणि घंटेजवळ मी. एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे उचला, तीन म्हणजे खाली सोडा. यापेक्षा छोटी भाषा असू शकत नाही. बाबांना ती फार आवडली. "पोट्टीले मॅट्रिक कायले पाहिजे होतं? तीनपर्यंत मोजता आलं की झालं," ते म्हणाले.

छोट्या भाषेचा दोष तिसऱ्या दिवशी कळला. कट्ट्याच्या खाली विहिरीच्या भिंतीतून दगडाचे कंगोरे निघाले होते. सुतळी कधी या कंगोऱ्याला अडकायची, कधी त्या. अडकली की एखादा झटका वर पोचतच नसे, आणि सुटताना कधीकधी ती स्वतःच एक जादा झटका देई. मामाने खाली तीनदा ओढलं, टोपलं अजून हातभर खाली हवं होतं. वर दोनच ठोके पडले. दोन म्हणजे उचला. मी हात वर केला, बाबांनी बैल हाकले, आणि मामा टोपल्याची कडी धरून सरळ करत होता तोच ते उठलं. त्याचं कोपर भिंतीवर खरवडलं गेलं. हाड वाचलं.

आईने जखमेत हळद भरली आणि त्याला सांगितलं, की आता ही दोरीची भानगड मिटेपर्यंत तू खाली उतरायचं नाही.

"अव्, थोडंसं खरचटलं हाये," मामा म्हणाला.

"आज खरचटलं. सुरुंगाच्या दिशी काय व्हईन?"

सगळ्यांच्याच ध्यानात आलं, पण बोलली तीच. सुरुंगाच्या दिवशी मामा वाती पेटवणार, टोपल्यात चढणार आणि दोन झटके देणार. त्यातला एक झटका वाटेत अडकला तर वर एकच पोचेल. एक म्हणजे थांबा. आम्ही थांबणार, आणि वाती जळत राहणार.

बाबांनी तोडगा काढला. प्रत्येक इशारा दोनदा द्यायचा. उचला म्हणजे दोन, मग जरा थांबून परत दोन. दुपारी कामाला सुट्टी होती, म्हणून आम्ही तो करून पाहिला. मामा गोठ्यात बसला, मी बाहेर कडुनिंबाखाली. सुतळी मुद्दाम खाटेच्या पायाला घासून नेली, म्हणजे ती विहिरीतल्यासारखी अडकेल. मामाने ओढायचं आणि मी सांगायचं. दोन्ही वेळा सारखंच आलं तर प्रश्न नव्हता. पण पहिल्यांदा दोन आणि दुसऱ्यांदा एक आलं, तर चूक झाली एवढंच कळे. कोणतं खरं ते कळत नसे.

"मंग परत इचारायचं," बाबा म्हणाले. "वरून दोरी हालवायची, थो परत ओढते."

दगडाच्या टोपल्यासाठी हे पुरेसं होतं. समजलं नाही तर विचारा, तो पुन्हा सांगेल, दगडाला कुठे जायची घाई आहे? आजही निम्म्या जगाचे निरोप असेच जातात. पण पेटलेल्या वातीजवळ उभ्या असलेल्या माणसाला, काय म्हणालास, पुन्हा सांग, असं विचारता येत नाही. जे आलं त्यातूनच खरं काय ते ओळखलं पाहिजे, आणि त्यासाठी निरोपातच तेवढी जागा ठेवली पाहिजे.

म्हणून मी म्हटलं, तीनदा. तीनातलं एक बिघडलं तर उरलेली दोन खरी धरायची. गोठ्यातून मामाने पुष्कळदा ओढून दाखवलं. एकेक चूक तर सहज पकडता आली. पण सुतळी एकदा अडकली की कधीकधी लागोपाठ दोनदा अडकायची, आणि मग बहुमतच चुकीच्या बाजूला जायचं. मी पाचदा करून बघितलं. आता दोन बिघडले तरी तीन चांगले उरत. पाचात माझं उत्तर जवळजवळ चुकेनासं झालं.

"मंग सात करू," मी जोरात येऊन म्हटलं.

सातात घोळ झाला. मामाचा हिशेब सुटला, त्याने एक गट सहादाच दिला की सातदा, त्यालाच सांगता येईना. दोन गटांमधली उसंत तो घाईने कमी करायला लागला, आणि दोन-दोन मिळून मला चार दिसायला लागले. "हे काय भजन लावलं?" तो गोठ्यातून ओरडला. "माह्या हाताले गोळे आले!" लांबी वाढवून जे कमावलं ते त्याच लांबीने खाऊन टाकलं.

हे मला पुढे पुस्तकात भेटलं तेव्हा ओळखीचं वाटलं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं हा सगळ्यात अडाणी कोड. शहाणे कोड पुष्कळ बिट एका गठ्ठ्यात बांधतात आणि थोडेसे राखणदार बिट त्या सगळ्यांवर नजर ठेवतात. गठ्ठा जितका मोठा तितक्या चुका त्यात सारख्या पसरतात, एकाच जागी घाव बसून निरोप मरण्याचं भय कमी होतं. पण गठ्ठा मोठा म्हणजे तो पूर्ण येईपर्यंत थांबणंही मोठं. थांबायला वेळ आहे की नाही, हे गणित कोडमध्ये नसतं. ते ज्याने निरोप पाठवलाय त्याच्या पायाखाली असतं.

मधेच बैलांनी वेगळाच प्रश्न उभा केला. पुन्हा काम सुरू केलं, तर पहिल्या गटाचा पहिला ठोका पडताच बैल चालायला लागले. आठवडाभरात घंटा वाजली की निघायचं हे ते शिकले होते. पुढे अजून काय येतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बाबा कासरे ओढत ओरडले, "अबे, पुरं आयकून तं घ्या!" बैलांनी काही ऐकलं नाही. पूर्ण निरोपाची वाट बघणारी माणसं आणि पहिल्याच ठोक्याला हलणारे बैल, अशी एकाच दोरीवर दोन डोकी झाली. लांब कोडाचा काही उपयोग राहिला नाही.

मी घंटा सोडवली. तिच्या जागी जमिनीत बांबूची एक लवचीक कामटी रोवली, तिच्या शेंड्याला आईच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं बांधलं आणि सुतळी शेंड्याला अडकवली. झटका आला की फडकं खाली वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. बैलांची पाठ माझ्याकडे, त्यांना ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी मोजायचं, खात्री झाली की हात वर करायचा, आणि बाबांनी माझा हात बघून बैल हाकायचे.

आता वातीचा प्रश्न उरला. मामा कडुनिंबाखाली बसून वाती तोडत होता. विळ्याने कापायच्या, एक टोक स्फोट घडवणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीत बसवायचं, टोपी जिलेटिनच्या कांडीत. त्याच्या मापाने पाच गट ओढून होईपर्यंत वात अर्धी जळणार होती.

"तीनच ठेवू ना, अक्का," तो चुलीकडून आलेल्या आईला म्हणाला. "पाच ओढेपर्यंत मी तिथं उभा राहू काय? बुडाखाली आग लावून?"

"तीन बेभरवशाचे हायेत, हे आताच पाह्यलं ना?" मी म्हटलं.

"पाहिलं व माय. पन खाली तू नाई उभी राहून राह्यली."

त्याचं बरोबर होतं आणि माझंही. बाबा म्हणाले चार करा, आणि मी त्यांना सांगितलं की चारात दोन-दोन झाले तर आपण परत तिथेच. आईने मामाच्या हातातून विळा घेतला, बंडलाची वात आपल्या हातावर कोपरापर्यंत मोजली, मग दुसऱ्यांदा कोपरापर्यंत मोजली आणि तिथे कापली. मामाच्या वातीच्या दुप्पट.

"बंडल पुरायचं नाई," बाबा म्हणाले.

"नाई पुरलं तं विहीर कमी खोल ठेवा."

कोड आखूड करायचा की माणूस धोक्यात घालायचा यावर आम्ही तिघं वाद घालत होतो, आणि वात लांब करता येते हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मामाने ती वात हातात घेऊन पाहिली. "हे तं शेवया झाल्या," तो म्हणाला. पण बाकीच्या वातीही त्याने त्याच मापाने कापल्या.

सुरुंगाचा दिवस ठरला. इंजिनासमोर फळ्या आणि ओली पोती उभी केली. मामा आधी हत्यारं वर पाठवून मोकळा झाला. त्या टोपल्याला दोनदाच इशारा होता आणि तो नीट आला. मग रिकामं टोपलं खाली गेलं. आई बांधापलीकडे जाऊन बसली पाहिजे होती. ती गेली नाही, माझ्या मागे उभी राहिली. फडकं सरळ उभं होतं. बाबा धावेवर बैलांचे कासरे धरून माझ्याकडे बघत होते.

फडकं दोनदा वाकलं. स्वच्छ दोन.

मग एकदा वाकलं, आणि थांबलं.

मग पुन्हा एकदाच.

तीन गट झाले होते आणि त्यातले दोन म्हणत होते, थांबा. माझा हात खालीच होता. बाबांनाही धावेवरून फडकं दिसत होतं. त्यांनी बैलांच्या कासऱ्याला हिसका दिला आणि ओरडले, "थांब म्हनते थो! काईतरी अडलं खाली!"

मी मान हलवली. अजून दोन गट यायचे होते. पुढचा गट यायला जरा उशीर लागला. फडकं अर्धवट वाकून तसंच राहिलं, सुतळी कुठेतरी धरली गेली होती. मग सुटलं, आणि दोनदा वाकलं.

आता दोन-दोन.

"इचार त्याले!" बाबा ओरडले. "दोरी हालव!"

दोरी हलवली असती तर मामाने पाचवा गट सोडून पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं असतं. मागे उभ्या असलेल्या आईचा श्वास मला मानेवर लागत होता. मी दोरीला हात लावला नाही.

फडकं वाकलं. उभं राहिलं. पुन्हा वाकलं.

मी हात वर केला. बाबा अजून घुटमळत होते. "उचला, बाबा! उचला!" मी ओरडले, आणि त्यांनी बैलांना काठी मारली, जी ते एरवी कधी मारत नसत.

मामा वर आला तो टोपल्यातून उडी मारतच. आम्ही चौघं बांधामागे पळालो, बाबा बैलांसकट. मग जमीन हलली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि विहिरीच्या तोंडातून दगडांचा भुगा कडुनिंबाच्या उंचीवर जाऊन पालकाच्या वाफ्यात पडला. इंजिन मधेच खोकललं आणि परत सुरू झालं.

कानातला आवाज कमी झाल्यावर मामा माझ्यावरच घसरला. "काय व, झोपली होती काय? पाच होईस्तोवर वाट कायची पाहून राह्यली? मी तं पयल्यापासून दोन-दोनच ओढलं. एक बी चुकलो नाई!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याने पाचही वेळा बरोबर ओढलं होतं. ओढणाऱ्याला आपण काय ओढलं तेवढंच माहीत असतं. वर काय पोचलं ते त्याला कोण सांगणार?

"उद्यापासून तीनच," तो बाबांना म्हणाला. "तीन पुष्कळ झाले. इतक्या वेळ खाली उभं राहून माह्या पायातला जीव गेला."

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय दिसलं होतं तुले? सांग त्याले."

मी सांगितलं. दोन, एक, एक, दोन, दोन.

मामाने ते बोटांवर घेतलं. तिसऱ्या बोटापाशी येऊन तो थांबला. पहिल्यापासून पुन्हा मोजलं आणि पुन्हा तिथेच थांबला. बाबा बैलांच्या मानेवरून हात फिरवत दुसरीकडे बघत होते.

"म्हंजे तिसऱ्यावर..." मामा म्हणाला.

"तिसऱ्यावर तुह्या भाऊजीनं बैल थांबवलेच होते," आई म्हणाली.

मग मामा म्हणाला, "तं मंग सात ठेवू काय उद्या?"

"सातात तूच चुकतं. पाचच राह्यतीन." आईने पदर खोचला. "आन् दगड भरायच्या आधी थो कंगोरा फोड. सुतळी धरते कोनता थो, तुले खालून दिसते. आमाले नाई दिसत."

धूर निवळायला बराच वेळ लागला. मामा खाली उतरला तेव्हा टोपल्यात पहार आणि हातोडा होता. इंजिनाच्या आवाजात घाव ऐकू येत नव्हते, पण भिंतीला टेकलेली सुतळी प्रत्येक घावाने हलायची आणि वर फडकं थरथरायचं. बाबांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मी मान हलवली. हा इशारा आपल्यासाठी नव्हता.